दाखला मागायला आलेले वडील : एका माध्यमिक शाळेतलं प्रकरण

हे प्रकरण यवतमाळ जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या एका अनुदानित माध्यमिक शाळेतलं आहे. मी तिथे मराठी शिकवतो आणि त्या वर्षी नववीचा वर्गशिक्षक होतो. यातली मुख्य चूक माझी होती, म्हणून ते मीच लिहिलेलं बरं. गावाचं, शाळेचं, कुणाचंच नाव दिलेलं नाही. ओळख लागू नये म्हणून दोन-चार तपशील बदलले आहेत. घडलं त्याचा क्रम मात्र जसाच्या तसा ठेवला आहे, कारण या प्रकरणात क्रमच महत्त्वाचा आहे.

पार्श्वभूमी

शाळा पाचवी ते दहावी, आठवडी बाजाराच्या गावात. आजूबाजूच्या सात-आठ खेड्यांतून मुलं येतात. सगळी कोरडवाहू शेती: कापूस, त्यात तुरीच्या ओळी, आणि सोयाबीन. नववीत ३८ मुलं होती, त्यांत २१ मुली. बहुतेक घरी दोन ते पाच एकर वावर, आणि ज्यांच्याकडे तेवढंही नाही ते रोजमजुरीवर.

उन्हामुळे विदर्भातल्या शाळा बाकी महाराष्ट्राच्या मागून, जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात. त्याआधी पंधरा-वीस दिवस आम्ही शिक्षक मोटारसायकलींवर खेडी पालथी घालतो. प्रत्येक दारात बसतो, चहा घेतो, मुलगा-मुलगी आमच्याच शाळेत टाका म्हणून विनवतो. याचं कारण सगळ्यांना ठाऊक आहे. ३० सप्टेंबरच्या पटावर संचमान्यता होते, म्हणजे शाळेला किती शिक्षक मिळायचे ते ठरतं, आणि पट घसरला की आमच्यातला कुणीतरी अतिरिक्त ठरतो. पालकांनाही हे ठाऊक असतं, फक्त ते तोंडावर बोलत नाहीत.

पालकांशी नातं ठेवायचे कागदोपत्री मार्ग आमच्याकडे होते. शिक्षणहक्क कायद्यात शाळा व्यवस्थापन समितीची तरतूद आहे. तीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया. पण हा कायदा पहिली ते आठवीपुरता, आणि आमच्यासारख्या अनुदानित शाळेत या समितीचं काम सल्ला देण्यापुरतं. नववी-दहावीच्या पालकांसाठी उरतो पालक-शिक्षक संघ. त्याची सभा आम्ही शनिवारी सकाळी दहाला घ्यायचो, कारण शनिवारी शाळा सकाळची असते आणि सभा उरकून शिक्षकांना घरी जाता येतं. ऑगस्टच्या सभेला नववीचे सहा पालक आले. इतिवृत्तात मी लिहिलं, ‘पालकांचा प्रतिसाद अल्प.’ शनिवारी सकाळी दहाला पालक कुठे असतात, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही.

जुलैत मी वर्गाचा व्हॉट्सअ‍ॅप गट केला होता. प्रवेश अर्जावरचे नंबर घेतले आणि सगळ्यांना टाकून दिलं. पालकांशी संपर्क झाला असं मी धरून चाललो.

ज्या मुलीची ही गोष्ट आहे तिचं गाव शाळेपासून नऊ किलोमीटरवर. एसटी फाट्यापर्यंत जाते, तिथून आत दोन किलोमीटर पायी. त्या गावच्या तीन मुली नववीत होत्या. मुलींना एसटीचा पास फुकट मिळतो, त्यामुळे भाड्याची अडचण नव्हती. सकाळची बस त्यांना पावणेदहालाच शाळेत सोडायची. अकरा वाजेपर्यंत त्या कडुलिंबाखाली बसून असायच्या. संध्याकाळी पाचला शाळा सुटली की पाच वीसची बस.

काय बिघडलं

दिवाळीनंतर शिक्षकांच्या बैठकीत ठरलं की नववी-दहावीचे गणित आणि इंग्रजीचे जादा तास घ्यायचे, रोज पाच ते सहा. आधीच्या वर्षी दहावीचा निकाल घसरला होता. हेतू चांगलाच होता, आणि शिक्षक विनामोबदला थांबणार होते. मी गटावर संदेश टाकला, ‘उद्यापासून जादा तास. उपस्थिती अनिवार्य.’ झालं. कुणाला विचारलं नाही, आणि कुणाला विचारायला हवं होतं असं बैठकीत एकालाही वाटलं नाही.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून मुलींची हजेरी उतरू लागली. कापसाचा पहिला वेचा ऐन जोरात होता. आमच्याकडे वेचणीच्या दिवसांत पट रिकामा होणं नवीन नाही. किलोवर मजुरी मिळते, बोटं चपळ असलेली चौदा वर्षांची पोरगी बाईइतका कापूस वेचते. मी हजेरीपटाच्या शेऱ्याच्या रकान्यात त्या तिघींच्या नावापुढे ‘वेचणी’ असं लिहून टाकलं. एकीलाही विचारलं नाही.

महिन्याच्या शेवटी मी गटावर एक यादी टाकली. अकरा नावं, प्रत्येकापुढे गैरहजर दिवस, आणि खाली एक वाक्य: ‘पालकांनी पाल्याच्या शिक्षणाकडे लक्ष द्यावे.’ त्या मुलीचं नाव दुसरं होतं, पुढे १५ दिवस.

तिच्या वडिलांच्या नावावर जो नंबर होता तो त्यांच्या पुतण्याचा निघाला. घरात तेव्हा साधा फोन होता. अर्ज भरताना ‘व्हॉट्सअ‍ॅपचा नंबर द्या’ म्हटल्यावर त्यांनी पुतण्याचा दिला होता. पुतण्याने यादी पाहिली ती संध्याकाळी पानठेल्यावर, चार जणांत, आणि मोठ्याने वाचली. वडील तिथेच उभे होते.

दुसऱ्या दिवशी साडेअकराला ते शाळेत आले. वावरातूनच आले असावेत, बाहीला कापसाचे तंतू चिकटलेले होते. मुख्याध्यापकांच्या खोलीत बसायला सांगितलं तरी बसले नाहीत.

“पोरीचा दाखला पाह्यजे.”

मुख्याध्यापक म्हणाले, “दाखला घेऊन कुठे टाकता भाऊ तिला?”

“कुठंच नाई. घरी ठेवतो. तुमच्या यादीत तं नाव नाई येनार.”

मी मध्ये पडलो. म्हटलं, “पण भाऊ, ती पंधरा दिवस शाळेतच नाही आली, त्याचं काय?” हे बोलायला नको होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि आवाज न चढवता म्हणाले, “सर, जूनमंदी तुमी आमच्या दारात येता. चहा पेता. पोरगी आमच्याच शाळेत टाका म्हनता. मंग वर्षभर कोनी दिसत नाई. दिसते तं यादी दिसते.”

मुख्याध्यापकांनी मला हातानेच गप्प केलं. पाणी मागवलं. मग म्हणाले, “रीतसर अर्ज द्या. दोन दिवसांत दाखला तयार ठेवतो.”

अर्ज दुसऱ्या दिवशी गावच्या एका मुलाच्या हाती आला. वडिलांना लिहायला जमत नसावं. अर्ज मुलीच्याच अक्षरात होता. उजवीकडे दिनांक, ‘प्रति, माननीय मुख्याध्यापक’, ‘विषय : शाळा सोडल्याचा दाखला मिळणेबाबत’, मायना, मजकूर, ‘आपला विश्वासू’. पत्रलेखनाचा हा नमुना सप्टेंबरात मीच फळ्यावर लिहून दिला होता. तिने एक चूक केली नव्हती. कारण दिलं होतं, ‘घरगुती’. खाली वडिलांची सही, एकेक अक्षर सुटं.

तो कागद मी बराच वेळ हातात धरून बसलो.

समोर असलेले पर्याय

त्या दुपारी पाच जण बसलो. कोण काय म्हणालं ते सांगतो, कारण यातलं प्रत्येक मत कुठल्याही शाळेत ऐकायला मिळेल.

एकाचं म्हणणं, दाखला देऊन टाका. आठवीपर्यंत तर कायद्यानेच मुख्याध्यापकाने मागितलेला दाखला लगेच द्यायचा असतो. नववीलाही तो अडवण्यात अर्थ नाही. पालकांचा अधिकार आहे. हे बरोबरच होतं. पण त्यामागे आणखी एक गोष्ट होती, जी कुणी मोठ्याने बोललं नाही. ३० सप्टेंबर उलटून गेला होता. मुलगी गणितात कच्ची होती. पुढच्या वर्षी दहावीला बसली असती तर निकालाला एक आकडा कमी झाला असता. नववीत गळणारी मुलं शाळेच्या हिशेबाला दुखत नाहीत, हे आम्हा सगळ्यांना कळत होतं.

दुसरं मत कडक होतं. नोटीस पाठवा, मुलीला मजुरीला लावतात म्हणून तक्रारीची भीती घाला. मी बालमजुरीचा कायदा काढून पाहिला. २०१६ च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालच्या मुलांना कामाला लावायला बंदी आहे, शाळेची वेळ सोडून घरच्या कामात मदत तेवढी चालते. चौदा ते अठरा वयासाठी बंदी धोक्याच्या कामांना आहे. मुलगी चौदा पूर्ण होती. म्हणजे ती धमकी पोकळ ठरली असती. आणि खरी ठरली असती तरी मुलगी शाळेत कशी येणार होती?

तिसरं, सरपंचांकरवी निरोप. आमचे एक संस्थाचालक त्या गावात वजन राखून आहेत. ते बोलले असते तर वडिलांनी कदाचित दाखल्याचा नाद सोडला असता. मला हा पर्याय जवळजवळ पटला होता. मुख्याध्यापकांनी तो मोडून काढला. ते म्हणाले, “त्यांची बेइज्जती चार लोकांत झाली. आता आणखी दोन मोठी माणसं मध्ये घालता?”

उरलं घरी जाणं. इथे आमच्या विज्ञानाच्या मॅडमनी एक गोष्ट सुचवली आणि सगळं प्रकरण तिथून वळलं. त्या म्हणाल्या, “सर, आपण गाडीने नको जाऊ. त्या पोरी ज्या बसने जातात त्याच बसने जाऊ.”

पावणेसातची बस

पाच ते सहा जादा तास. तो संपेपर्यंत पाच वीसची बस गेलेली. पुढची पावणेसातची. त्या दिवशी ती सात वाजून दहा मिनिटांनी आली. नोव्हेंबरच्या शेवटी आमच्याकडे साडेपाच-पावणेसहाला दिवस बुडतो. स्टँडवर एक दिवा, त्याखाली टवाळ पोरांचं टोळकं. आमच्यासोबत दुसऱ्या एका गावच्या दोन मुली उभ्या होत्या, भिंतीला पाठ लावून.

फाट्यावर उतरलो तेव्हा साडेसात झाले होते. बस निघून गेली तसा एकदम काळोख. आत जाणारा रस्ता खडीचा, दोन्ही बाजूंना कपाशी आणि तिच्यात डोक्याच्या वर गेलेल्या तुरीच्या ओळी. मोबाईलचा उजेड चार पावलांपुढे पोचत नव्हता. मध्येच डाव्या हाताला तुरीत काहीतरी जोरात सळसळलं. रानडुक्कर असेल, रोही असेल. मॅडमनी माझा दंड पकडला. आम्ही दोघं चाळिशी ओलांडलेली माणसं, तरी पुढचे पन्नास पावलं कुणी बोललं नाही.

आमच्या भागात ही भीती नुसती अंधाराची नसते. राळेगाव-पांढरकवड्याकडच्या शिवारांत वाघिणीने माणसं मारल्याला फार वर्षं झालेली नाहीत. २ नोव्हेंबर २०१८ ला ती वाघीण मारली गेली, तोवर बाया वावरात एकट्या जात नव्हत्या. ते दिवस अंगावर काढलेली माय आपली मुलगी साडेसातला या रस्त्याने येऊ देईल का? मला त्या दोन किलोमीटरांत आपोआप उत्तर मिळालं.

घर मातीच्या भिंतींचं, वर टिनं. पहिल्या खोलीत छातीएवढा कापूस भरलेला. भाव येईल म्हणून राखलेला. आई चुलीपुढे होती. वडील खाटेवर. आम्हाला पाहून उठले, खाट मोकळी करून दिली, आणि परत काही बोलले नाहीत.

मी काय बोलायचं ते बसमध्ये ठरवून ठेवलं होतं. शिक्षणाचं महत्त्व, मुलीचं भविष्य. त्यातलं काहीच बोललो नाही. म्हटलं, “भाऊ, यादी मी टाकली. चार लोकांत तुमचं नाव खाली गेलं. चुकलं माझं.”

बराच वेळ शांतता. मग ते म्हणाले, “लिवलेलं पुसता येते सर. लोकायच्या तोंडातून पुसल्या जाते का?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

आईने कोरा चहा दिला. कप देताना तिची बोटं दिसली, नखांच्या कडा बोंडांच्या टोकांनी चिरलेल्या. मॅडम तिच्याजवळ चुलीपाशी जाऊन बसल्या आणि सहज म्हणाल्या, “वहिनी, त्या रस्त्याने येताना जीव मुठीत होता बघा आमचा.” तिथे आईचं तोंड सुटलं.

“मंग काय सांगून रायली मी यायले! आधी थे सहाच्या आत घरी ये. आता अंधार करते शाळा. हे वावरातून येऊन फाट्यावर उभे रायले चार दिवस. रोज कसं जमन? म्हनून म्या म्हनलं, राय घरी. घरी बसून काय करन, म्हनून माह्यासंगं वेचाले येते.”

मी हे दोनदा विचारून घेतलं. आधी काय झालं आणि मग काय. जादा तास सोमवारी सुरू झाले. पाच दिवस मुलगी आली, त्यातले चार दिवस वडील फाट्यावर थांबले. पुढच्या सोमवारपासून ती घरी. वेचणीला जाऊ लागली त्यानंतर. मी हजेरीपटात लिहिलं होतं की वेचणीमुळे शाळा बुडते. खरं तर शाळा बुडली म्हणून ती वेचणीला गेली होती, आणि शाळा बुडवली होती आमच्या जादा तासाने.

मुलगी दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होती. मी तिला विचारलं, “तू का नाही सांगितलंस वर्गात?” ती म्हणाली, “तुमी विचारलं नाई सर.”

काय केलं

दाखल्याचा विषय त्या रात्री कुणी काढला नाही. निघताना वडील एवढंच म्हणाले, “टाइम बदलला तं पाहू.” नऊला एक सहकारी गाडी घेऊन आले, त्यांच्यासोबत परतलो.

तोडगा डोळ्यांसमोरच होता. मुली पावणेदहाला येऊन लिंबाखाली बसतात. जादा तास सकाळी दहा ते अकरा घ्यायचा. कागदावर दोन मिनिटांचं काम. प्रत्यक्षात आठ दिवस लागले, कारण आमचे बहुतेक शिक्षक तालुक्याहून अप-डाऊन करतात आणि पावणेअकराच्या आत कुणी पोचत नाही. स्टाफरूममध्ये वाद झाला. एक जण चिडून म्हणाले, “एका मुलीसाठी सगळ्यांनी तासभर लवकर निघायचं?” त्यांच्या घरी आजारी आई आहे, सकाळची औषधं तेच देतात. त्यांचा राग मला समजत होता. शेवटी गणिताच्या सरांनी आठवड्यातले तीन दिवस घेतले, इंग्रजीचा एक दिवस झाला. पाचाचे चार झाले. मुख्याध्यापकांनी ते मान्य केलं, आणि माझ्या मते हा या प्रकरणातला त्यांचा सर्वांत चांगला निर्णय. परिपूर्ण वेळापत्रकासाठी थांबलो असतो तर जानेवारी उजाडला असता.

पावणेसातची बस वेळेवर सोडावी म्हणून एसटीच्या आगारालाही अर्ज दिला. त्यातून काही निघालं नाही.

गटावरची यादी काढून टाकली. जाहीर माफी लिहावी का, हे मी वडिलांना फोनवर विचारलं, त्यांच्या स्वतःच्या साध्या फोनवर. ते म्हणाले, “नका लिवू. परत चर्चा होईन.” मी लिहिली नाही. माझ्या मनाला बरं वाटावं म्हणून त्यांना पुन्हा चव्हाट्यावर आणण्याचा मला अधिकार नव्हता. शाळेपुरता नियम मात्र झाला: गटावर कुठल्याही मुलाचं नाव जाणार नाही. वेळ, सुट्टी, परीक्षा, एवढंच.

मग नंबरांची यादी घेऊन बसलो. प्रत्येक मुलाला एकेकटं बोलावून विचारलं, “हा फोन दिवसभर कुणाच्या खिशात असतो?” ३८ पैकी १४ नंबर आईचे नव्हते आणि वडिलांचेही नव्हते. भाऊ, चुलतभाऊ, शेजारी, एक किराणा दुकानदार. एक नंबर पुण्याला कंपनीत असलेल्या मामाचा होता. म्हणजे पाच महिने मी एक तृतीयांशाहून जास्त घरांशी बोलतच नव्हतो. या वहीत आता नंबरापुढे आणखी एक रकाना आहे: फोन कधी करावा. बहुतेकांनी सांगितलं, रात्री आठनंतर.

सभेची वेळ आईच्याच एका वाक्यावरून सुचली. ती मॅडमना म्हणाली होती, “गुरवारी बाजार रायते, तवा येनं होते आमचं तिकडं.” आमच्या गावचा बाजार गुरुवारी भरतो. त्या दिवशी वेचणी बंद असते, आठवड्याची मजुरी हाती येते आणि सगळी खेडी शाळेपासून तीनशे पावलांवर असतात. आणि आम्ही सभा शनिवारी घेत होतो!

डिसेंबरपासून दर गुरुवारी दोन ते पाच, ज्यांना तास नाही असे दोन शिक्षक शाळेच्या व्हरांड्यात बसू लागले. सभा नाही, इतिवृत्त नाही, भाषण नाही. पहिल्या गुरुवारी तीन पालक आले. दुसऱ्याला दोन. आम्ही सोडून देण्याच्या बेतात होतो. मग शिपाईभाऊंनी पिण्याच्या पाण्याचा माठ आतून काढून व्हरांड्यात ठेवला, कारण बाजारात पाण्याची सोय नाही आणि बाया पाणी मागायला फाटकाशी यायच्या. पिशव्या खाली ठेवून बाया पाणी प्यायच्या, सावलीत टेकायच्या, आणि मग हळूच, “माहा पोट्टा नववीत हाय, कसा हाय जी?” संक्रांतीच्या आधीच्या गुरुवारी नववीच्या १९ घरांतलं कुणी ना कुणी येऊन गेलं होतं. त्यात बहुतेक आया. ज्यांना मी पालक म्हणून कधी धरलंच नव्हतं.

आणखी एक लहानशी गोष्ट सुरू केली, तिचा मला फार उपयोग झाला. कुठल्याही घरी पहिला फोन तक्रारीचा करायचा नाही. त्या मुलीच्या घरी पहिला फोन मी पत्रलेखनाबद्दल केला. म्हटलं, वर्गात असा अर्ज दुसऱ्या कुणाला लिहिता येत नाही. आईने तिकडून विचारलं, “कोनता अर्ज?” मी म्हटलं, “तोच.” ती हसली. नंतर तिकडे फोन वडिलांच्या हातात गेला, आणि त्यांनी विचारलं, “सकाळच्या टायमानं तास चालू झाले का?”

परिणाम

मुलगी डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात परत आली. नोव्हेंबरात ती जेमतेम सात दिवस हजर होती. जानेवारीत चार दिवस सोडले तर पूर्ण महिना. ते चार दिवस शेवटच्या वेच्याचे होते. आदल्या गुरुवारी आईने व्हरांड्यात येऊन सांगितलं, “चार दिवस नेतो सर तिले, वावर खाली करा लागते.” मी हो म्हटलं आणि त्या दिवसांचा अभ्यास लिहून दिला. यावर एका सहकाऱ्याने आक्षेप घेतला की शाळाच मजुरीला परवानगी देते. हा आक्षेप मी उडवून लावत नाही. पण घरच्याच वावरातले सांगून घेतलेले चार दिवस आणि न सांगता गेलेले पंधरा, यांत मी पहिलं पत्करलं. तिथे अडलो असतो तर पुढच्या वेळी आई सांगायला आली नसती.

नववी ती पास झाली. गणित काठावर. आता दहावीत आहे. बोर्डाच्या परीक्षेला बसायला ७५ टक्के हजेरी लागते, आणि या वर्षी तिचा हिशेब वडील स्वतः ठेवतात. मध्ये गुरुवारी येऊन हजेरीपट पाहून गेले.

गावात मात्र यादीची गोष्ट संपलेली नाही. यंदाच्या जूनमध्ये त्या गावी गेलो तेव्हा पानठेल्यावरून कुणीतरी ओरडलं, “यादीवाले सर आले!” मी थांबलो, त्यांच्यात बसलो.

काय वेगळं करता आलं असतं

जादा तास ठरवण्याआधी मुलींना बसची वेळ विचारायला हवी होती. त्याला सभा लागत नव्हती, समिती लागत नव्हती. वर्गात उभं राहून एक प्रश्न पुरला असता. हजेरीपटाच्या शेऱ्यात आता मी विचारल्याशिवाय कारण लिहीत नाही. माहीत नसेल तर रकाना कोरा ठेवतो.

वडील दाखला मागायला आले तेव्हा मी वाद घातला. मुख्याध्यापक नसते तर ते त्याच पावली परत गेले असते आणि अर्जही आला नसता. चिडून आलेल्या माणसाला पहिल्या पाच मिनिटांत हजेरीचा आकडा सांगायचा नसतो, हे मला वीस वर्षांच्या नोकरीनंतर कळलं.

सगळ्यांत जास्त टोचतं ते वेगळंच. त्या गावच्या तीन मुली नववीत होत्या आणि तिघींनाही तोच काळोख, तोच रस्ता होता. आम्ही त्या रात्री एकाच घरी गेलो, कारण तिचे वडील भांडायला आले होते. दुसरी, तास सकाळी झाल्यावर आपसूक परतली. तिसरीच्या घरी मी डिसेंबर संपताना पोचलो. घराला कुलूप होतं. शेजारणीने सांगितलं, पोरीला मामाच्या गावी ठेवलं, आता तिकडेच राहणार. सोळाव्या-सतराव्या वर्षी लग्नं उरकून टाकणारी घरं आमच्या भागात अजून आहेत, म्हणून मी मामाच्या गावचा पत्ता काढला. तिथल्या शाळेत चौकशी केली, गावातल्या अंगणवाडी ताईंना तिच्यावर लक्ष ठेवायला सांगितलं. फेब्रुवारीत स्वतः जाऊन आलो. ती भेटली. धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन होती. शाळेत ये म्हटलं तर तिने मान हलवली. ती हो म्हणाली की नाही, मला कळलं नाही. मामी म्हणाल्या, जूनमध्ये पाहू.

तिचे वडील कधी भांडायला आले नाहीत. तिचं नाव यादीत सातवं होतं, पुढे १४ दिवस. जूनमध्ये तिच्या दाखल्याचा कागद मी स्वतः तयार करून घेतला, तिकडच्या शाळेत लागला तर अडू नये म्हणून. तो अजून मुख्याध्यापकांच्या कपाटात आहे. न्यायला कुणी आलेलं नाही.